माल गेला, पैसे कुठे आले?

आम्ही मंगळवेढा तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बारा जणी. ज्वारीची कडक भाकरी, शेंगा चटणी आणि कारळाची चटणी करून विकतो. आधी आठवडी बाजारात बसायचो, आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर पाल टाकायचो. मग गटातल्या एकीच्या लेकीनं भाकरीचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले आणि पुण्या-मुंबईहून मागणी यायला लागली. नंतर तिनंच इंटरनेटवर आपलं छोटं दुकान मांडून दिलं. माल कसा करायचा, पॅकिंग कसं करायचं, हे आम्हाला येत होतं. पैसे कसे घ्यायचे, हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं. आजचं बोलणं त्याच विषयावर आहे.

सुरुवातीला आम्ही सगळ्यात सोपा मार्ग धरला. कोषाध्यक्ष आक्कांच्या मोबाइलवर यूपीआय होतं. गिऱ्हाइकाला त्यांचाच नंबर द्यायचा, पैसे त्यांच्या खात्यात यायचे, महिन्याच्या बैठकीत आक्का हिशोब सांगायच्या. दोन-तीन महिने सुरळीत गेले. दिवाळीच्या आधी मात्र खात्यात गटाचे बरेच पैसे जमले होते आणि एका सकाळी त्यातले ४,२५० रुपये गेले. आक्कांच्या मुलाच्या मोटारसायकलीच्या कर्जाचा हप्ता त्याच खात्याला जोडलेला होता. मागचा हप्ता थकला होता. खात्यात पैसे दिसले आणि तो आपोआप कापला गेला. आक्कांनी एक रुपयाही खाल्ला नव्हता, पण बैठकीत त्यांना मान वर करता येईना. दोघी-तिघी काहीबाही बोलल्या. आक्का म्हणाल्या, "उद्यापासून मी येत नाही."

त्यांना परत आणायला आम्हाला तीन आठवडे लागले. पैसे त्यांनी भाकऱ्या थापून फेडले. पण त्या तीन आठवड्यांत आम्हाला कळलं, की चूक आक्कांची नव्हती. चूक बारा जणींची होती. पैसे कोणत्या वाटेनं घ्यायचे आणि कोणत्या घरात ठेवायचे, हे आम्ही बसून ठरवलंच नव्हतं.

पहिला प्रश्न : खातं कुणाचं?

मैत्रिणींनो, पैसे कार्डानं घ्यायचे की यूपीआयनं, हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न खात्याचा. गटाचे पैसे गटाच्याच खात्यात यायला हवेत. एकीच्या खात्यात आले, की तिच्या घरातलं कर्ज, आजारपण, भांडण हे सगळं त्या पैशाला चिकटतं. तिनं कितीही प्रामाणिकपणे वागलं तरी संशय येतोच.

इथं एक अडचण येते. आपल्या गटांचं खातं बहुधा दोघी-तिघींच्या संयुक्त सहीनं चालतं. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांपैकी दोघींची सही लागते. अशा खात्यातून एकटीला पिन टाकून यूपीआयनं पैसे काढता येत नाहीत, आणि ते चांगलंच आहे. पैसे बाहेर जाताना दोन सह्या हव्यातच. पण पैसे आत यायला पिन लागत नाही. म्हणून बँकेत जाऊन विचारायचं, "आमच्या गटाच्या खात्याला जोडलेला, गटाच्या नावाचा दुकानदाराचा क्यूआर कोड मिळेल का?" आम्ही ठराव लिहून नेला, त्यावर सगळ्या जणींच्या सह्या होत्या. एका फेरीत काम झालं नाही. तिसऱ्या फेरीत झालं. आता गिऱ्हाइकानं कोड स्कॅन केला, की समोर आक्कांचं नाव येत नाही, गटाचं नाव येतं. गिऱ्हाइकालाही धीर येतो, की पैसे खऱ्या गटाला जात आहेत.

वाट पहिली : थेट यूपीआय

यूपीआय देशात २०१६ साली सुरू झालं. ते चालवते नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया ही संस्था. गिऱ्हाइकाच्या बँकेतून आपल्या बँकेत पैसे तिथल्या तिथे येतात. मधे कुणाच्या खिशात थांबत नाहीत.

कार्डानं पैसे घेतले, की बँका दुकानदाराकडून काही टक्के कापतात. त्याला एमडीआर म्हणतात. १ जानेवारी २०२० पासून साध्या यूपीआयवर आणि रुपे डेबिट कार्डावर हा एमडीआर शून्य आहे. म्हणजे गिऱ्हाइकानं आपल्या बँक खात्यातून ५०० रुपये पाठवले, तर गटाला पुरे ५०० मिळतात. छोट्या गटासाठी याहून स्वस्त वाट नाही.

मग त्रास कुठे आहे? पैसे आले, पण ते कोणत्या ऑर्डरचे, हे आपणच शोधायचं. एका दिवसात पाच जणांचे ३०० रुपये आले, तर कुणाची चटणी पाठवायची आणि कुणाची थांबवायची? आम्ही त्यासाठी एक साधी वही केली. प्रत्येक ऑर्डरला नंबर द्यायचा आणि पैसे पाठवताना शेऱ्यात तो नंबर लिहायला गिऱ्हाइकाला सांगायचं. प्रत्येक यूपीआय व्यवहाराला १२ आकडी संदर्भ क्रमांक असतो. तो वहीत लिहायचा आणि बँकेच्या नोंदीशी ताडून बघायचा. दिवसाला दहा-बारा ऑर्डरी असतील तोवर ही वही पुरते.

वाट दुसरी : पेमेंट गेटवे

ऑर्डरी वाढल्या, की हातानं ताळा लावणं जड जातं. मग पेमेंट गेटवे नावाची सोय घेता येते. गेटवे म्हणजे आपल्या इंटरनेटच्या दुकानाचा गल्ला समजा. गिऱ्हाईक माल निवडतं, मग त्याला यूपीआय, डेबिट कार्ड, क्रेडिट कार्ड, नेट बँकिंग असे सगळे पर्याय एकाच जागी दिसतात. पैसे भरले, की ऑर्डरवर आपोआप 'पैसे मिळाले' अशी नोंद होते. दुकान नसलं तरी नुसती पेमेंट लिंक तयार करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येते.

पण गल्ल्यावर बसणाराही मजुरी घेणारच. गेटवेची फी साधारण २ टक्क्यांच्या आसपास असते आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी लागतो. आपण हिशोब करू. ऑर्डर ५०० रुपयांची. २ टक्के म्हणजे १० रुपये. दहावर जीएसटी १ रुपया ८० पैसे. एकूण कापले ११ रुपये ८० पैसे. हातात आले ४८८ रुपये २० पैसे. महिन्याला अशा शंभर ऑर्डरी झाल्या, तर १,१८० रुपये गेले. हे पैसे वाया गेले असं नाही. वही ताडायला दोघींचे जे दिवस जात होते, ते वाचले. पण ते भाव ठरवताना धरले पाहिजेत. आम्ही आधी धरले नव्हते आणि चटणीच्या पुड्यावरचा नफा कुठे जातोय, म्हणून डोकं खाजवत बसलो.

एक गोष्ट नीट विचारून घ्या. यूपीआयवर एमडीआर नसला, तरी काही गेटवे कंपन्या आपल्या सेवेची फी यूपीआयवरही लावतात. डेबिट कार्डाचं बघा. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या दुकानदारासाठी रिझर्व्ह बँकेनं २०१८ पासून डेबिट कार्डाच्या एमडीआरला ०.४० टक्क्यांची मर्यादा घातली आहे. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही, म्हणून तिथं जास्त कापलं जातं. तेव्हा "सगळं मिळून किती टक्के?" एवढंच विचारून थांबू नका. "यूपीआयवर किती, डेबिटवर किती, क्रेडिटवर किती?" असं वेगवेगळं विचारा आणि लिहून मागा.

गेटवे निवडताना आम्ही हे प्रश्न कागदावर लिहून नेले होते :

१. सुरुवातीला आणि दर वर्षी काही ठरावीक रक्कम भरायची आहे का, की विक्री झाली तरच फी?

२. पैसे आमच्या बँकेत किती दिवसांनी येतील? गेटवेवर यूपीआयसारखे लगेच येत नाहीत. साधारण एक-दोन कामाचे दिवस लागतात. शेंगदाणे उधारीवर आणले असतील, तर हे दोन दिवसही मोजावे लागतात.

३. गिऱ्हाइकाला पैसे परत केले, तर आधी कापलेली फी परत मिळते का? बहुधा मिळत नाही.

४. कार्डावरून भरलेल्या पैशाबद्दल गिऱ्हाइकानं त्याच्या बँकेत तक्रार केली, तर आम्हाला काय पुरावा द्यावा लागेल? अशा तक्रारीत मिळालेले पैसेही परत कापले जाऊ शकतात. म्हणून कुरिअरची पावती आणि पार्सलचा फोटो आम्ही सहा महिने जपून ठेवतो.

५. या कंपनीला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे का? दुसऱ्यांचे पैसे गोळा करून दुकानदाराला देणाऱ्या कंपन्यांना ती लागते. परवानगी मिळालेल्या कंपन्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर असते. आपल्या बँक सखीला ती बघायला सांगा.

६. अडचण आली तर फोनवर माणूस बोलेल का? मराठीत बोलेल का?

कागदपत्रंही लागतात. गटाचं खातं, पॅन, पदाधिकाऱ्यांची ओळखपत्रं, पत्त्याचा पुरावा. गटाच्या नावाचं पॅन नसेल, तर आधी ते काढा. नोंदणी नसलेल्या गटाला काही कंपन्या घेत नाहीत. तिथं हिरमोड करून घेऊन पुन्हा एकीच्या नावावर खातं उघडू नका. ग्रामसंघाच्या किंवा प्रभागसंघाच्या नावानं होतं का, ते उमेदच्या तुमच्या तालुक्यातल्या कार्यालयात विचारा.

वाट तिसरी : माल हातात आल्यावर पैसे

आपल्या आई-आजीच्या काळात पोस्टानं व्हीपी यायची. पोस्टमनला पैसे द्यायचे आणि पुडकं सोडवून घ्यायचं. आजचं कॅश ऑन डिलिव्हरी त्याच जातीचं. गिऱ्हाइकाला हे आवडतं. त्यानं आपल्याला पाहिलेलं नसतं, आधी पैसे कसे द्यावेत, असं त्याला वाटतं. त्याचंही चुकत नाही.

पण जोखीम सगळी आपल्यावर येते. समजा दहा पार्सलं पाठवली. एका पार्सलावर सगळा खर्च जाऊन ६० रुपये सुटतात. दोघांनी दार उघडलं नाही किंवा "आता नको" म्हणून परत केलं. परत आलेल्या प्रत्येक पार्सलाचं जायचं भाडं ६० आणि यायचं ६०, असे दोघांचे २४० रुपये बुडाले. आठ पार्सलांवर सुटले होते ४८०. म्हणजे निम्मा नफा दोन माणसांच्या 'आता नको'त गेला. शिवाय कडक भाकरी परत येईस्तोवर तिचा चुरा झालेला असतो, तो वेगळाच. आणि कुरिअरवाला रोख रक्कम गोळा करण्याचे जास्तीचे पैसे लावतो ते निराळे.

म्हणून आम्ही मधली वाट काढली. नव्या गिऱ्हाइकाकडून पाठवणीचं भाडं तरी आधी यूपीआयनं घ्यायचं, मालाचे पैसे हातात मिळाल्यावर. ज्याला माल खरंच हवा आहे, तो साठ रुपये आधी देतो. ज्यानं गंमत म्हणून बटण दाबलं, तो तिथंच गळतो. दुसऱ्यांदा घेणारा बहुधा सगळे पैसे आधीच देतो, कारण त्यानं भाकरी खाल्लेली असते.

वाट चौथी : दुसऱ्याच्या मोठ्या दुकानात विकणं

स्वतःचं दुकान न मांडता इंटरनेटवरच्या मोठ्या बाजारात माल ठेवता येतो. महिला गटांच्या मालासाठी केंद्र सरकारचं ई-सरस आहे, खासगी कंपन्यांचेही बाजार आहेत. तिथं पैसे घ्यायची काळजी आपल्याला नसते. ते गिऱ्हाइकाकडून घेतात आणि ठरलेल्या मुदतीनं आपल्याला देतात. खासगी बाजारात कमिशन, पाठवणीचं भाडं, परत आलेल्या मालाचा खर्च असं बरंच आधी कापलं जातं. महिन्याच्या शेवटी आलेल्या रकमेवरून खूश होऊ नका, की हिरमुसूही नका. कापलेल्या रकमांचं पत्रक उघडून एक-एक ओळ वाचा.

घाऊक मागणी असेल, म्हणजे शहरातला दुकानदार एकदम पन्नास किलो चटणी मागत असेल, तर यातलं काहीच लागत नाही. गटाचा खाते क्रमांक आणि बँकेचा आयएफएससी कोड द्यायचा. तो एनईएफटीनं पैसे पाठवतो. ही सोय डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते.

फसू नये म्हणून

आम्ही एकदा फसलो आहोत, ते लपवत नाही. एकानं १,१५० रुपयांची ऑर्डर दिली, पैसे भरल्याचा फोटो पाठवला. हिरवी खूण, रक्कम, तारीख, सगळं होतं. आम्ही माल पाठवला. पैसे आलेच नव्हते. फोटो बनवलेला होता. तेव्हापासून आमच्या पॅकिंगच्या टेबलावर मोठ्या अक्षरात चिकटवलंय : फोटो म्हणजे पैसे नव्हेत. मोबाइलवर आलेला संदेशही खोटा असू शकतो. बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा पासबुकात रक्कम दिसली, तरच पार्सल बांधायचं.

दुसरी गोष्ट सगळ्या जणींनी पाठ करा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन फक्त पैसे द्यायला लागतो. कुणी म्हणालं, "ताई, तुम्हाला पैसे पाठवतोय, जरा हा कोड स्कॅन करून पिन टाका," की फोन ठेवायचा. मोठी ऑर्डर देणारा, स्वतःला लष्करातला साहेब म्हणवणारा, फार गोड बोलणारा, कुणीही असो. ओटीपी कुणाला सांगायचा नाही. "अडचण सोडवतो, हे अ‍ॅप उतरवून घ्या," असं अनोळखी माणूस म्हणाला तर तेही करायचं नाही, कारण त्या अ‍ॅपमधून त्याला आपल्या मोबाइलचा पडदा दिसू शकतो. बाजारात क्यूआर कोड लावला असेल, तर रोज सकाळी आपणच तो एकदा स्कॅन करून नाव बघायचं. त्यावर दुसऱ्यानं आपला कोड चिकटवल्याच्या घटना घडल्या आहेत.

तरीही पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या नंबरवर फोन करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढे जाण्याआधी अडवली जाण्याची आशा जास्त.

कधी कधी कुणीच फसवलेलं नसतं, व्यवहार मधेच अडकतो. गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे जातात, आपल्याकडे येत नाहीत, आणि दोन्हीकडून वाद सुरू होतो. अशा वेळी शांतपणे सांगायचं. दुकानदाराला यूपीआयनं केलेला व्यवहार असा अडकला, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे गिऱ्हाइकाच्या खात्यात आपोआप परत जायला हवेत. त्याहून उशीर झाला, तर बँकेला दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. बँकेनं तक्रारीला तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्यासाठी १४४४८ या नंबरवर माहिती मिळते.

आम्ही काय ठरवलं

आता आमचं असं चालतं. रोजच्या छोट्या ऑर्डरीला गटाच्या नावाचा क्यूआर. दिवाळीच्या महिन्यात आणि कार्डानंच पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला पेमेंट लिंक. हातात माल मिळाल्यावर पैसे हवे असतील, तर भाडं आधी. दुकानदारांना खाते क्रमांक. प्रत्येक मालाच्या भावात फीची रक्कम धरलेली आहे. दर शनिवारी दोघी जणी वही आणि बँकेची नोंद समोरासमोर ठेवून ताळा लावतात आणि दर महिन्याला जोडी बदलते. महिन्याच्या बैठकीत खात्याचा उतारा मोठ्यानं वाचला जातो. ज्यांना वाचता येत नाही, त्यांनाही आकडे कळतात. आमच्यातल्या एका मावशींकडे बटणाचा साधा फोन आहे. त्यांनाही आम्ही बाजूला ठेवलं नाही. साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे ही सोय ८ मार्च २०२२ रोजी सुरू झाली आहे. मावशी त्यावरून स्वतःच्या खात्यातली शिल्लक बघायला शिकल्या.

आक्का अजून कोषाध्यक्ष आहेत. परवा त्या हसत म्हणाल्या, "आता मला झोप लागते. पैसे माझ्या खात्यात नाहीत, म्हणून कुणाच्या तोंडातही मी नाही."

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढंच करा. मधे एक कागद ठेवा आणि चार प्रश्न लिहा. आपले पैसे आज कुणाच्या खात्यात येतात? शंभर रुपयांतले हातात किती पडतात? आलेले पैसे कोण कोण बघू शकतं? आणि एखादी आजारी पडली, माहेरी गेली, तर काम अडतं का? उत्तरं बारा जणींसमोर मोठ्यानं द्या. मग कोणती वाट धरायची, हे दुकानवाल्याला किंवा कंपनीवाल्याला विचारावं लागणार नाही. ते तुमचं तुम्हालाच कळेल.

बरं, आता निघतो. दुपारची थाप चुलीवर वाट बघतेय. राम राम.